एकतीस गुणांचा नमुना

"हे फेकून देऊ," हेरंब म्हणाला.

मी नुकताच फोन खाली ठेवला होता. फोन नलूताई घारपुऱ्यांचा होता आणि त्या खूश होत्या. गिऱ्हाईक खूश असल्याचा फोन आमच्या कंपनीत तोवर आलेला नव्हता, त्यामुळे असा फोन आल्यावर काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. पण आपण केलेली वस्तू फेकून देत असतील असं काही वाटलं नव्हतं.

"काय फेकून देऊ?"

"नलूताईंचं. सगळं. नव्याने लिहू."

"अरे, लग्नं जमायला लागलीत म्हणतायत त्या त्यावर."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि खुर्ची फिरवून स्क्रीनकडे तोंड करून बसला.

सांगलीत एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती. हेरंब पेंडसे प्रोग्राम लिहायचा आणि मी, माधव कानिटकर, बोलायचो. ही वाटणी कॉलेजपासूनची. तेव्हाही प्रयोग तो करायचा आणि तोंडी परीक्षेत मार्क मला मिळायचे. नलूताई त्यांच्या राहत्या घरी, विश्रामबागेत, वधूवर सूचक मंडळ चालवत. मिरजेच्या कुठल्याशा मंडळाने कॉम्प्युटर घेतल्याचं कानावर आल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. दिवाळीच्या आत दाखवा, आवडलं तर काम तुमचं, असं त्यांनी सांगितलं, आणि हेरंबने घाईघाईने एक नमुना तयार केला. तो त्याला प्रोटोटाइप म्हणायचा.

नमुना म्हणजे काय हे त्याने नलूताईंना माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. "शिंपी कोट आधी कच्चा शिवतो ना, पांढऱ्या दोऱ्याने? नुसता अंगावर बघायला. बघून झालं की उसवतो. हे तसं आहे."

नलूताईंनी माऊस हातात धरून मुलामुलींचे फोटो वरखाली करून पाहिले. 'गुण जुळवा' असं लिहिलेलं बटण दाबलं, मशीनने गुण दिले, प्रिंटरने किरकिरत कागद दिला.

"छान बसतोय की," त्या म्हणाल्या, आणि पांढऱ्या दोऱ्यासकट तो कोट घालून चालायला लागल्या.

त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. आमच्या भागात चालू वस्तू कुणी परत केल्याचं उदाहरण नव्हतं. खुर्चीवरचं प्लास्टिक न काढता त्या खुर्चीत पिढी वाढवणारी माणसं आम्ही. हेरंबला मात्र हे पहिल्यापासून खुपत होतं, आणि आता तर तो सरळ फेकून द्यायच्या गोष्टी करत होता.

मला संशय आला. येणारच. माझा अनुभव असा, की 'नव्याने लिहू' म्हणणारा माणूस बहुधा नवीन काहीतरी शिकून आलेला असतो आणि ते त्याला आपल्या जिवावर वापरून बघायचं असतं. नाहीतर तो बंगलोरला निघालेला असतो. त्या वर्षी आमच्या बॅचमधला जो तो बंगलोरला निघालेला होता.

पुरावेही जमत गेले. हेरंबने नवा शर्ट घेतला. आणि ऑफिसात आमचा स्वतःचा फोन असताना तो दुपारी जिना उतरून समोरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन फोन करायला लागला. बूथवाल्या दिवेकरांना मी सहज म्हणून विचारलं, "काय, बंगलोरचं बिल वाढवतोय का आमचा पार्टनर?"

"छे हो. सगळे लोकल करतात ते," दिवेकर म्हणाले.

म्हणजे बंगलोर नाही. म्हणजे गावातल्या गावात कुणीतरी. हे जास्त वाईट होतं.

मी त्याला समोर बसवलं. "हेरंब, नेमकं काय बिघडलंय त्यात?"

"एका आडनावाचे आणि एका नावाचे दोघे आले की दुसरा पहिल्याला गिळतो. दोन संजय कुलकर्णी घातले की एकच उरतो."

"सांगलीत?"

"म्हणून तर म्हणतोय."

"मग तेवढं नीट कर ना."

"तेवढं नीट केलं की पुढचं निघेल. कान्या, ते वापरायला केलेलंच नाहीये. ते आवडायला केलंय. आतली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यांसाठी आहे. त्याला ठिगळं लावत बसलो तर आयुष्यभर लावत बसू."

"आणखी काय आहे त्यात?"

त्याने खुर्ची परत स्क्रीनकडे वळवली. मग म्हणाला, "आणखी आहे."

"काय?"

"आधी तू फेकू म्हण. मग सांगतो."

असं बोलणाऱ्या माणसाला मी तरी हो म्हणत नाही. मी स्कूटर काढली आणि नलूताईंकडे गेलो. हेरंब माझ्यामागे त्यांच्याशी काही बोलला आहे का, एवढंच बघायचं होतं.

नलूताई मशीनसमोर बसल्या होत्या. मला दारात बघताच त्यांनी स्क्रीन बंद केला आणि वर क्रोशाचं झाकण ओढलं. त्यावर मोर होता.

"काय रे, असा अचानक?"

"सहज. हेरंब येऊन गेला का?"

"कोण हेरंब?"

या बाईंना सबंध सांगली-मिरजेतल्या लग्नाळू मुलांची गोत्रं तोंडपाठ होती. हेरंबचं तर त्यांनी मामाकडचं गाव काढून ठेवलं होतं.

"मशीन कसं चाललंय?"

"उत्तम. तू त्याला हात लावू नकोस. आणि त्या पोराला पण सांग, हात लावू नकोस म्हणावं. चहा घेतोस?"

मी चहा घेतला आणि पक्का संशय घेऊन परत आलो. हेरंब काहीतरी लपवत होता, नलूताई काहीतरी लपवत होत्या, आणि दोघं मिळून एकच गोष्ट लपवत असतील तर मी या कंपनीत फक्त भाडं भरायला उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगाशे आले.

गजानन आगाशे टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांची पाकिटं हातात घेऊन, ती न फोडता आत काय असेल याचा अंदाज बांधण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. खुर्ची पुढे केली तर त्यांनी ती आधी हलवून पाहिली. मग पंखा बंद करायला लावून त्यांनी टेबलावर एक घडी घातलेला कागद उलगडला. वरच्या बाजूला त्यांच्या मुलीचं नाव होतं, शर्वरी, आणि शेजारी मिरजेच्या अमोघ टिकेकरचं.

"हा कागद तुमचा?"

"आमच्या मशीनचा," मी म्हणालो.

"म्हणजे तुमचा. इथे एकतीस लिहिलंय. काय आहेत हे?"

"गुण. छत्तीसपैकी."

"वा. लग्नाचा मुहूर्त काढायला काल मिरजेला गेलो होतो, गोडबोले गुरुजींकडे. त्यांनी न विचारता दोन्ही पत्रिका मांडल्या. किती आले असतील, सांगा बरं?"

मी अंदाज केला नाही.

"अकरा. अकरा आले. आणि वर एकनाड."

"मिरजेला कशाला गेलात पण? सांगलीत एवढे गुरुजी—"

"सांगलीतल्या सगळ्या गुरुजींशी माझं वाजलंय. मुद्द्यावर या. टिकेकरांनी काय दिलं तुम्हाला?"

"कसलं काय दिलं?"

"अकराचे एकतीस करायला."

"आगाशेकाका, आम्ही टिकेकरांना ओळखतसुद्धा नाही."

"ओळख दाखवून कोण देतं?" ते म्हणाले. त्यांच्याशी बोलताना आपण खरोखरच काहीतरी घेतलं असावं असं मला वाटायला लागलं. "हे बघा कानिटकर, एकुलती एक मुलगी आहे माझी. फार्मसी कॉलेजात शिकवते. पत्रिका मी मुद्दाम कुणाला दाखवली नाही, कारण माणसाला फिरवता येतं. मशीनला फिरवता येत नाही अशा समजुतीत मी साखरपुडा करून बसलो. आता गुरुवारी नलूताईंकडे येतो. माझ्या डोळ्यांसमोर मशीन चालवायचं. अकरा आले, तर सोयरीक मोडली आणि तुम्हा दोघांची नावं ग्राहक मंचात."

"आणि एकतीस आले तर?" हेरंबने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तर ते का आले ते विचारीन."

ते जिना उतरून गेल्यावर मी पंखा लावला. हेरंबचा चेहरा पांढरा पडला होता.

"बोल," मी म्हणालो.

"ते गुण काढतच नाही."

"मग काय करतं?"

"चोवीस ते चौतीसमधला एक आकडा उचलतं. हाताला येईल तो."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. गुण खरे काढायचे तर नक्षत्र, चरण, नाडी, सगळी कोष्टकं भरायला लागतात. दिवाळी तोंडावर होती. तेवढी जागा तात्पुरती भरली होती मी. दाखवून झालं की फेकायचंच होतं ना."

"चोवीसच्या खाली का नाही?"

"तूच म्हणाला होतास, दाखवताना छान दिसायला पाहिजे."

मी तो विषय तिथेच सोडला. "आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ते वैशिष्ट्य म्हणून विकलं असतंस."

मला राग आला. लगेच नाही आला. आधी मी थोडा विचार केला, ते कसं विकता आलं असतं याचा. मग आला.

"आणि बूथमधून कुणाला फोन करत होतास?"

"ज्यांचं जमलं त्यांना. मंडळातून बोलतोय असं सांगून विचारायचो, पत्रिका घरी कुणाला दाखवलीत का म्हणून. तुझ्यासमोर कसा करणार? सगळ्यांनी आपापल्या गुरुजींना दाखवलेली होती. कॉम्प्युटरवर कुणाचाच विश्वास नव्हता. एक आगाशे सोडून."

जगात कुणावर विश्वास न ठेवणारा एक माणूस, आणि त्याने तो आयुष्यात एकदा ठेवला, तोही आमच्या दिवाळीच्या घाईवर.

"शर्वरीनेच उचलला होता फोन," हेरंब म्हणाला. "पत्रिका दाखवली का विचारलं, तर ती म्हणाली, तुम्हाला का जाणून घ्यायचंय? अगदी बापासारखी."

आम्ही दोघं नलूताईंकडे गेलो. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. तांत्रिक अडचण, प्राथमिक अवस्था, गैरसमज. पण हेरंबने दारातच सांगून टाकलं, "ताई, त्या मशीनचे गुण खोटे आहेत."

नलूताई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी शेंग पुरी सोलली.

"मग? मला काय आज कळतंय?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशीच कळलं. एकाच जोडीला दोनदा दाबलं तर एकदा सत्तावीस आले, एकदा तेहतीस. एवढं न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

"मग तुम्ही आम्हाला बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही ते दुरुस्त केलं असतंत." त्यांनी हात पुसले, मोराचं झाकण बाजूला केलं आणि मशीन सुरू केलं. "हे बघ. शोभणारी जोडी असली की दाबत राहायचं. तीस-एकतीस आले की थांबायचं नि कागद काढायचा. नाही शोभणारी असली की चोवीसवर सोडून द्यायची. चोवीसवर कुणी उडी मारत नाही."

"आणि मशीन यायच्या आधी?" हेरंबचा आवाज बारीक झाला होता.

"आधी हातानेच लिहायचे. मुलगा बघते मी, मुलगी बघते. दोघांना इथे सोफ्यावर बसवते आणि आत जाते. आकडा मागाहून. आकडा कशाला लागतो माहितीये? बापाला. आई मुलाच्या आईचा आवाज ऐकते, मुलगी मुलाकडे बघते. बापाला बिचाऱ्याला काय असतं? त्याला कागद लागतो. इतकी वर्षं तो मी माझ्या हाताने लिहिला. दर वेळी देवापुढे उभं राहताना जरा कसंतरी व्हायचं. आता मशीन देतं. माझं मन स्वच्छ असतं."

हेरंब मटकन सोफ्यावर बसला. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला आपली चूक समजते, चूक पकडणाराही समजतो. ती चूक शिस्तीत रोज वापरणारं माणूस त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"शर्वरी आणि अमोघ?" मी विचारलं. "त्यांना किती वेळा दाबलंत?"

"मी नाही दाबलं. माझा चष्मा नव्हता जवळ. शर्वरीलाच म्हटलं, दाब गं जरा. पंचवीस आले. ती म्हणाली, चुकून लागलं वाटतं, आणि परत दाबलं. मग परत. एकतीस आले तेव्हा माझ्याकडे बघितलं तिने." नलूताई हसल्या. "त्या दोघांनी त्या दिवशी माझा चहा गार होऊ दिला. भांडत होते, सायकलवर उजवीकडून चढायचं का डावीकडून. माझा चहा कुणी गार होऊ देत नाही. मोडू नका रे ते."

परत येताना हेरंब म्हणाला, "बघितलंस? जितके दिवस ठेवू तितकी माणसं त्याच्या आत राहायला जातील. म्हणून फेकायचं असतं वेळेवर."

"वेळ गेली आता," मी म्हणालो. "गुरुवारी काय करणार आहेस ते सांग."

"बघू."

'बघू' हा शब्द मला कधीच आवडलेला नाही. माझा उपाय साधा होता. जुन्या नमुन्यात एवढी एक जोडी बांधून टाकायची. शर्वरी आणि अमोघ घातले की दर वेळी एकतीस. हेरंबला दहा मिनिटांचं काम. मी तसं सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आगाशे जो आरोप करतायत तो आधी खरा करायचा?"

"मग नवं लिहून खरे गुण दाखवणार? अकरा?"

"बघू," तो परत म्हणाला.

बुधवारी मी बाहेरचं काम उरकून ऑफिसात आलो तर माझ्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. उंच, वेणी घट्ट घातलेली, दप्तरासारखी पिशवी मांडीवर. मी आत येताच दोघांचं बोलणं थांबलं.

"ही शर्वरी आगाशे," हेरंब म्हणाला.

"निघतेच आहे मी," ती म्हणाली. दारात वळून तिने हेरंबला विचारलं, "जमेल ना तुम्हाला?"

"मला तेवढंच जमतं," हेरंब म्हणाला.

"काय जमेल? काय म्हणत होती ती?" ती गेल्यावर मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही सांगायला ती जिना चढून आली?"

माझ्या डोक्यात त्या संध्याकाळी जे जे येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. नवा शर्ट मला परत आठवला, एवढं सांगतो.

गुरुवारी नलूताईंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. नलूताईंनी शिरा केला होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. आगाशे मशीनच्या मागे जाऊन वायरी बघून आले. शर्वरी भिंतीलगतच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिची बोटं पिशवीच्या बंदाला पीळ देत होती. तेवढ्यावरूनच ती घाबरली आहे हे कळत होतं.

"चालवा," आगाशे म्हणाले.

हेरंबने मशीन सुरू केलं. बटणावर बाण नेला आणि हात काढून घेतला. मग खुर्ची वळवून तो आगाशेंकडे तोंड करून बसला.

"काका, चालवून उपयोग नाही. हे मशीन गुण काढत नाही. ते वाटेल तो आकडा देतं. मीच तसं लिहिलंय. तात्पुरतं होतं ते, फेकून द्यायचं राहिलं. तुमचे एकतीस खोटे आहेत."

मी डोळे मिटले. आमची कंपनी, शर्वरीचं लग्न आणि नलूताईंचं नाव, तिन्ही त्याने चार वाक्यांत बुडवली होती. नलूताईंच्या हातातला डाव शिऱ्यात तसाच उभा राहिला.

डोळे उघडले तेव्हा आगाशे हेरंबकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. बंद पाकीट उजेडासमोर धरल्यावर आतली अक्षरं दिसायला लागावीत, तसं.

"अस्सं," ते म्हणाले. "अस्सं आहे तर."

"काय?" मी म्हणालो.

"परवा मी तुमच्या ऑफिसात आलो, ते टिकेकरांच्या कानावर गेलं."

"नाही हो!"

"त्यांना सोयरीक मोडायचीच होती. पुण्याचं स्थळ सांगून आलं असणार, बड्या घरचं. स्वतः मोडली तर चार लोकांत नाचक्की. म्हणून तुम्हाला गाठलं. मशीनच खोटं होतं असं तुम्ही म्हणायचं, म्हणजे आगाशेच मोडतो. आणि ते नामानिराळे!"

"काका, मी खरं सांगतोय," हेरंब म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"शपथेवर! बघा. खऱ्या माणसाला शपथ लागते?" आगाशे उठून येरझाऱ्या घालायला लागले. "स्वतःचं मशीन खोटं आहे असं कुठला दुकानदार स्वतःहून सांगतो? सांगतो कधी? ज्याला त्यापेक्षा मोठं काही कबूल झालंय तोच!"

या युक्तिवादात मला चूक सापडेना. दुकानदार मीच होतो.

"पण गुरुजींनी अकरा काढले ना," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. वाद घालायची सवय.

"गुरुजी कुठले?" आगाशे गर्रकन वळले. "मिरजेचे. टिकेकर कुठले? मिरजेचे."

शर्वरीने मान वर केली. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "बाबा, हे एवढं म्हणतायत तर मोडूनच टाकूया ना."

"तू गप्प बस. मोडून टाकूया म्हणे! त्यांना तेच हवंय." त्यांनी मशीनवर हात ठेवला, जप्ती आणल्यासारखा. "हे यंत्र आहे असं राहील. हा पुरावा आहे. लग्न लागेपर्यंत यातलं एक अक्षरसुद्धा कुणी पुसायचं नाही. पुसलंत तर बघा. नलूताई, तुम्ही साक्षीला आहात. एकतीस गुणांवर त्यांनी साखरपुडा केलाय, एकतीस गुणांवरच लग्न करून घेईन."

आणि मग ते बसले आणि त्यांनी शिरा मागितला.

बाहेर पडल्यावर मी स्कूटरला किक मारायच्या आधी हेरंबला धरलं. "तुला वेड लागलं होतं का? ते उलटं फिरले म्हणून वाचलो. नसते फिरले तर?"

"फिरणारच होते. शर्वरीने सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"ती म्हणाली, बाबांना पटवायला जाऊ नका. पटवलं की त्यांना संशय येतो. त्यांना नुसतं खरं सांगा, सगळं, सरळ. खरं त्यांना पचतच नाही. मी म्हटलं, मला तेवढंच जमतं." त्याने रुमालाने मान पुसली. नवा शर्ट पाठीला चिकटला होता. "तिला म्हटलं, अकरा खरेच असले तर? ती म्हणाली, असू देत. ते माझं मी बघीन."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुझा चेहरा खरा दिसायला हवा होता. तो तसा एरवी दिसत नाही."

नमुना कधी फेकायचा हा प्रश्न असा आमच्या हातातून गेला. मुहूर्त आगाशेंनी काढला. तोवर हेरंबने नवं लिहायला घेतलं. यावेळी घाई नव्हती. दोन संजय कुलकर्णी त्यात गुण्यागोविंदाने राहायचे. एके दिवशी मी पाहिलं तर त्यात 'गुण जुळवा' बटणच नव्हतं. त्या जागी नुसती रिकामी चौकट होती.

"कोष्टकं भरणार होतास ना?"

"भरली होती. काढून टाकली. खरा आकडा नलूताई वापरणार नाहीत आणि खोटा मी देणार नाही. त्यांनी पेनाने लिहावा. त्यांचा हात, त्यांचा देव."

"शर्वरीची जोडी घालून पाहिलीस का, काढायच्या आधी?"

त्याने प्रिंटरमध्ये कागद भरायला घेतला. पाहिली होती की नव्हती, हे मला अजूनही माहीत नाही. मला वाटतं, पाहिली होती.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्याबरोबर नलूताईंनी कनवटीची किल्ली हेरंबच्या हातात दिली आणि तो न जेवता त्यांच्या घरी गेला, जुनं पुसून नवं बसवायला. मी राहिलो. स्टेजवर अमोघ टिकेकर फेटा सावरत शर्वरीला काहीतरी ठासून सांगत होता आणि ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. नलूताई त्यांच्याकडे समाधानाने बघत होत्या.

पंगतीत माझं निम्मं जेवण झालं होतं तेव्हा आगाशे शेजारचा पाट ओढून बसले. नवं उपरणं, कपाळाला कुंकू, डोळ्यांच्या कडा ओल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"कानिटकर, आता लग्न लागलं. आता माझा काही राग नाही. खरं सांगा. मोडायला तुम्हाला टिकेकरांनी काय कबूल केलं होतं?"

"काही नाही हो काका," मी म्हणालो. "देवाशप्पथ काही नाही. एक छदामसुद्धा मिळाला नाही."

आगाशे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आपल्याच माणसाच्या ठेवावा तसा.

"म्हणजे तुम्हालाही बुडवलंच," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आणखी जिलब्या वाढायला लावल्या.